एकशे शहात्तर टोप्या

"'बांधकामावरील सर्व, म्हणजे एकशे शहात्तर, उभ्या सळयांना सुरक्षा-टोप्या बसविण्यात आल्या होत्या. संबंधित कामगाराने त्या स्वतःहून काढल्या. सात फुटांवरून झालेले पतन एरवी प्राणघातक ठरले नसते.' हा परिच्छेद चार, डॉक्टर. झालं. इथं सही करा आणि चहा घ्या," तात्यासाहेब उंबरकर म्हणाले.

तात्यासाहेब आमच्या शिक्षणसंस्थेचे उपाध्यक्ष आणि चौकशी समितीचे अध्यक्ष. समिती तिघांची होती. तिसरे सदस्य बैठकीला कधी आले नाहीत. त्यांची सही मात्र नेमाने येत असे. दुसरा सदस्य मी. प्राचीन इतिहास आणि पुराभिलेख हे माझे विषय. ताम्रपट, शिलालेख, त्यांचे ठसे यांत वय गेलेल्या माणसाला बांधकामाच्या चौकशीवर का नेमलं असावं, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर सोपं होतं. इमारत ग्रंथालयाची होती, ती जूनपूर्वी व्हावी म्हणून सर्वांत जास्त पत्रं मीच लिहिली होती, आणि दगडांत रमणारा माणूस लोखंडाकडे पाहणार नाही, असा संस्थेचा अंदाज होता.

गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची, जालन्याची. या गावात सळया तयार होतात. ट्रक भरभरून त्या बाहेर जातात. सळईचं टोक काय करू शकतं हे इथे कोणाला शिकवावं लागू नये. ग्रंथालयाचा पहिला स्लॅब टाकून झाला होता आणि वरच्या मजल्याच्या खांबांसाठी बावीस ठिकाणी आठ-आठ सळया कमरेइतक्या उंच उभ्या होत्या. अकरा एप्रिलच्या सकाळी लिंबाजी खंदारे नावाचा सळया बांधणारा कारागीर लाकडी घोडीवर उभा राहून काम करत होता. घोडी कलली. तो खालच्या सळयांवर पडला. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात वारला.

मी परिच्छेद पुन्हा वाचला. तो लिहिणारा माणूस समोरच बसला होता : अभियंता विद्याधर नाईकवाडे, संस्थेचे स्थापत्य सल्लागार, पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं.

"नाईकवाडे, एकट्या माणसाने एकशे शहात्तर टोप्या काढल्या?"

"एकदम नसतील काढल्या, सर. हळूहळू."

"किती दिवसांत?"

"नऊ तारखेला होत्या. हा फोटो जोडलाय बघा, खाली तारीख आहे. अकराला अपघात. म्हणजे दोन दिवसांत."

"हे हळूहळू झालं?"

ते हसले. "सर, ही माणसं फार चपळ असतात."

"आणि काढून ठेवल्या कुठे?"

"घरी नेल्या असतील. पोरांना खेळायला. रंगीत असतात ना, नारिंगी. तुम्हाला साइटचा अनुभव नाही, सर. हे लोक खिळासुद्धा सोडत नाहीत."

तात्यासाहेबांनी कप माझ्याकडे सरकवला. "डॉक्टर, मेलेल्या माणसाबद्दल मलाही वाईट वाटतं. पण सोमवारी काम सुरू करायचंय. अहवाल कामगार कार्यालयात गेल्याशिवाय करता येत नाही. तुमचंच ग्रंथालय अडलंय."

परिच्छेदातलं तिसरं वाक्य मात्र अक्षरशः खरं होतं. सात फुटांवरून पडलेला माणूस सहसा मरत नाही. त्याचा हात मोडतो, फार तर कंबर जाते. तो मरतो, कारण तो जिथे पडणार ती जागा कोणीतरी भाल्यांसारखी टोकदार ठेवलेली असते. आरोपीने स्वतःविरुद्धचं आरोपपत्र बचाव म्हणून लिहून द्यावं, असा योग मला चाळीस वर्षांच्या वाचनात दोनतीनदाच आला आहे.

"मी हे घरी नेतो. सोमवारी सकाळी नऊला भेटू," मी म्हणालो.

"चहा?" तात्यासाहेब म्हणाले.

मी चहा घेतला नाही. त्या खोलीत एवढाच निषेध मला शक्य होता, आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

खाली विभागाच्या व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून उठली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. कपाळ मोकळं होतं.

"सर, तुमीच का ते कागदावाले? मी कौसा. कौसा खंदारे."

"बसा, बाई."

"बसत न्हाई. एकच इचारायचंय. कागदात मालकाला चोर लिवलंय, हे खरं का?"

"चोर हा शब्द नाही. टोप्या त्यांनी काढल्या, असं लिहिलंय."

"कोणच्या टोप्या?"

"सळयांवरच्या. प्लॅस्टिकच्या."

ती हसली, आणि ते हसू मला अजून आठवतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "सर, मालक गेले तवा साइटवर टोप्या कुठं होत्या? त्याआधी मालकाच्या फळ्या होत्या."

"कसल्या फळ्या?"

"चला, दावते. मी तिथंच राहते, साइटवरल्या पत्र्यात. उद्या सकाळी या. नाईकवाडे साहेब नसतो उद्या." मग आवाज खाली करून म्हणाली, "सोमवारपास्नं मलाबी त्याच सळयांतून घमेली न्यायचीत. माझ्या दिरालाबी. म्हणून इचारते. चोर म्हणले तर म्हणले, पण खोटं लिवून त्या सळया तशाच उभ्या ऱ्हात्याल ना?"

एवढा साधा प्रश्न समितीत कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा.

शनिवारी सकाळी मी स्लॅबवर चढलो. वर सावली नव्हती. बावीस ठिकाणी सळयांचे पुंजके उभे होते, आठ-आठ, गंज चढलेले, कापलेली टोकं वर. त्यांच्यामधून दीड हात रुंदीची वाट होती. टोपी एकाही सळईवर नव्हती.

"हितं," कौसाबाई म्हणाली. तेराव्या पुंजक्यापाशी सिमेंटवर धुतल्याचा फिका डाग होता. ती त्यावर पाय न देता वळसा घालून गेली. मीही वळसा घातला.

"फळ्या कुठे होत्या?"

"हरेक खांबावर. मालक सळया बांधून झाल्या की त्यावर दोन इंची जाड फळी आडवी ठिवायचे, बारीक तारेनं आवळायचे. आधी एक पोरगी पडून हात फाटला हुता दुसऱ्या साइटवर, तवापास्नं. लोक हसायचे. म्हणायचे, लिंबाजी, सळईला छत्री धरली का रे? मालक म्हणायचे, सळई उभी ठिवली की ती वाट बघत ऱ्हाती."

"मग अकरा तारखेला फळ्या नव्हत्या?"

"दहाला काढल्या."

"कोणी?"

"मालकानंच." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "साहेब आला. म्हणला, खंदारे, माझ्या फळ्या हितं कामून बांधल्या? खाली पोर्चला सेंटरिंग लावायचंय, फळ्या कमी पडतेत. काढ सगळ्या, आत्ताच्या आत्ता. मालक म्हणले, साहेब, वरचं काम हुईस्तोर ऱ्हाऊ द्या. साहेब म्हणला, तू इंजिनेर का मी? मग मालकानं तारा सोडल्या, फळ्या खांद्यावर घेतल्या आन् खाली नेऊन टाकल्या. दुसऱ्या दिशी पडले."

म्हणजे परिच्छेद चारचं दुसरं वाक्यही एका अर्थी खरं होतं. आवरण कामगारानेच काढलं होतं. त्याने स्वतः शोधलेलं, स्वतः बांधलेलं आवरण, हुकुमावरून. बनावट दस्तऐवज तयार करणारे बहुधा अस्सल लेखातले तुकडेच वापरतात. शून्यातून खोटं रचण्याइतकी प्रतिभा त्यांच्यापाशी नसते.

"पण फोटोत टोप्या आहेत, बाई. सगळ्या सळयांवर. नऊ तारखेचा फोटो."

"टोप्या वीस तारखेला आल्या."

"वीस? अपघातानंतर?"

"शांती केली ना साहेबानं. मालक पडले तिथं. जागा बाधली म्हणून. गुरुजी आले, संस्थेची मोठी मोठी माणसं आली, त्यांच्या बाया आल्या. त्याच दिशी पहाटं टेंपोतून दोन पोती टोप्या आल्या, गड्यांनी सगळ्या सळयांवर घातल्या. मी पत्र्याच्या दारातून बघत हुते. वर येऊ दिलं न्हाई."

"का?"

"सुतक हुतं ना मालकाचं." ती हे अगदी सहज बोलली. "दुसऱ्या दिशी टोप्या परत पोत्यात भरल्या. साहेब म्हणला, नव्या हायेत, खराब हुतील."

ती पत्र्याच्या खोलीत गेली आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. उघडण्याआधी इकडेतिकडे पाहिलं. नारिंगी प्लॅस्टिकची, छत्रीच्या आकाराची टोपी. माथ्यावर कुंकवाचं बोट, आणि त्यात चिकटून वाळलेला तांदळाचा एक दाणा.

"पोतं नेताना ही वाळूत पडली. मी उचलली. मग साहेबाचं बोलणं कानावर आलं, टोप्या आमच्या घरात हायेत म्हणून, आन् मी घाबरले. फेकून दिली तर पुरावा जातो, ठिवली तर आम्हीच चोर. काय करू, सर?"

मी टोपी उलटी केली. आतल्या बाजूला, साच्यातच उठवलेली बारीक इंग्रजी अक्षरं होती. झिजलेले लेख वाचायची माझ्या डोळ्यांना सवय आहे. मी ती वाचली, आणि मग तिच्यासाठी मराठीत सांगितली : ही टोपी फक्त ओरखडे टाळण्यासाठी आहे, वरून पडणाऱ्या माणसाला ती वाचवणार नाही.

कौसाबाईने टोपी हातात घेतली आणि अंगठ्याने माथा दाबला. प्लॅस्टिक आत गेलं.

"मालकाची फळी बरी हुती," ती म्हणाली.

बरी होती. त्या दुपारी ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीत बसून मी जे सापडलं ते सगळं वाचलं : इमारत-कामगारांचा कायदा, सुरक्षेच्या पुस्तिका, अभियांत्रिकीची दोन जाड पाठ्यपुस्तकं. माणूस वरून पडण्याची शक्यता असेल तिथे सळईवर आत पोलादी पत्रा असलेलं आवरण हवं, किंवा भक्कम लाकूड आडवं बांधायला हवं, किंवा टोक वाकवून खाली वळवायला हवं. सातवीपर्यंत शिकलेल्या लिंबाजी खंदारेने यांतला दुसरा उपाय कोणतंही पुस्तक न वाचता शोधला होता. पदवीधर अभियंत्याने तो रद्द केला होता.

संध्याकाळी मी फोटो भिंगाखाली धरला.

ताम्रपट बनावट आहे हे बहुधा त्यातल्या धार्मिक तपशिलावरून कळतं. खोटा पट करणाऱ्याला दानाला वजन यावं असं वाटतं, म्हणून तो लिहितो, हे दान सूर्यग्रहणाच्या पर्वावर दिले. पुढे शेकडो वर्षांनी कोणीतरी गणित मांडतो, आणि त्या वर्षी ग्रहणच नव्हतं असं निघतं. राजाचं नाव बरोबर, अक्षराचं वळण बरोबर. लबाडाला उघडं पाडते ती त्याची भक्ती.

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत नऊ एप्रिल ही तारीख होती. फोटोवर तारीख कॅमेरा घालतो, आणि कॅमेऱ्यात तारीख माणूस घालतो. पुढच्या रांगेतल्या टोप्या स्पष्ट दिसत होत्या. प्रत्येकीच्या माथ्यावर एक लाल ठिपका होता, काहींत एखादा पांढरा दाणाही.

सोमवारी नऊ वाजता मी कौसाबाईला सोबत घेऊन सभागृहात गेलो. टोपी तिच्याकडे कापडात होती. ती बाहेर काढायची नाही, असं मी तिला बजावलं होतं. ज्या वस्तूमुळे तिच्यावर चोरीचा आळ येऊ शकतो ती वस्तू मला पुरावा म्हणून नको होती. आरोपीने स्वतः जोडलेला पुरावा पुरेसा होता.

"ह्या बाई कशाला?" नाईकवाडे म्हणाले.

"परिच्छेद चार त्यांच्या नवऱ्याबद्दल आहे. ऐकण्याचा अधिकार त्यांचा आहे."

"समितीच्या बैठकीला बाहेरच्यांनी..."

"बसू द्या हो," तात्यासाहेब म्हणाले. "डॉक्टर, सही करून मोकळे व्हा. खाली गडी थांबलेत."

"एकच शंका आहे, तात्यासाहेब. फोटोपुरती." मी फोटो आणि भिंग टेबलावर ठेवलं. "नाईकवाडे, टोप्यांवर हे लाल काय आहे?"

"लाल? प्रिंटचा दोष असेल."

"पुढच्या सोळा टोप्यांवर, प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर?"

"मग कंपनीची खूण असेल. हो, कंपनीचीच. मालावर असते."

"कंपनी खुणेवर अक्षता चिकटवते का?"

मी भिंग तात्यासाहेबांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि बराच वेळ वाकून पाहिलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, दिसत नाही, डॉक्टर, वय झालं. तसं म्हटलं असतं तर मी हरलो असतो. सभागृहात तिसरी सही आधीच होऊन आलेली होती.

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"नाईकवाडे," ते म्हणाले, "हे कुंकू आमच्या हिनं लावलंय. गुरुजींनी सांगितलं, प्रत्येक टोपीला सवाष्णीचं बोट लागू दे. एकशे शहात्तर वेळा वाकली ती. रात्रभर कंबर धरून बसली होती."

"तात्यासाहेब, ते वेगळं, हे आधीचं..."

"ताट माझ्या हातात होतं," तात्यासाहेब म्हणाले.

खाली कोणीतरी घमेलं आपटलं. कौसाबाई खुर्चीवर बसली नव्हती. दाराशी उभी होती.

"म्हणजे फोटो वीस तारखेचा," मी म्हणालो. "कॅमेऱ्यात तारीख मागे केली. केळीचे खुंट, मांडव, माणसं सगळं टाळून फक्त सळया टिपल्या. कुंकू पुसायचं तेवढं राहिलं."

"कुंकू कोण पुसतं हो?" नाईकवाडे एकदम म्हणाले. "पूजेचं होतं ते."

त्या वाक्यातली निष्ठा अस्सल होती. तारीख पुसणं त्यांना जमलं होतं, एका माणसाची अब्रू पुसणं जमलं होतं. कुंकवाला हात लावणं त्यांच्या मनाला पटलं नव्हतं. आणि ज्या बाईचं कपाळ त्यांनी फळ्या काढायला लावून मोकळं केलं होतं, ती त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होती. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. मला वाटतं, अजूनही वाटत नसेल.

"फळ्या कुणी काढायला लावल्या, साहेब?" कौसाबाईने विचारलं. आवाज चढवला नाही.

"तू मध्ये बोलू नको."

"बोलू दे तिला," तात्यासाहेब म्हणाले. "कसल्या फळ्या?"

तिने सांगितलं. तारा, दोन इंची फळी, पोर्चचं सेंटरिंग, तू इंजिनेर का मी. तिने एकही शब्द वाढवला नाही. नाईकवाडे आधी नाही म्हणाले; मग म्हणाले, सामान संस्थेचं होतं, वाया कसं जाऊ द्यायचं; मग म्हणाले, असं कोणीच करत नाही, सगळीकडे सळया उघड्याच असतात, सर, तुम्ही गावात फिरून बघा, प्रत्येक गच्चीवर असतात. हे शेवटचं खरं होतं. मी त्यानंतर अनेक वर्षं गच्च्यांकडे पाहत फिरलो आहे.

परिच्छेद चार त्याच बैठकीत रद्द झाला. नवा परिच्छेद मी लिहिला. त्यात लिंबाजी खंदारेने केलेल्या फळ्यांच्या बांधणीचं वर्णन आहे, किती जाडीची फळी, तार कुठे आवळायची, सगळं. कामगार कार्यालयाने त्याचं काय केलं ते मला ठाऊक नाही. नाईकवाडेंना संस्थेने काढलं नाही. दुसरं बांधकाम दिलं. एवढं मात्र झालं : त्या सोमवारी काम सुरू झालं नाही. मंगळवारी पोर्चच्या फळ्या उतरवून वर आणल्या गेल्या, आणि लिंबाजीच्या भावाने त्या बावीस खांबांवर बांधल्या. कौसाबाई तार धरत होती. ती टोपी तिने कापडातून काढली आणि गोदामाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. आत गेली नाही.

पण बैठक संपायच्या आधी मी एक प्रश्न विचारला होता. टोप्या ओरखड्यापुरत्या का होईना, बाजारात होत्या. टेंपो एका दिवसात येत होता. मग अकरा एप्रिलपूर्वी त्या का आणल्या नाहीत, आणि वीस तारखेलाच का आणल्या? नाईकवाडेंनी घाम पुसला. ते खोटं बोलायचं थांबले होते, आणि काहीतरी समजावून सांगावं तशा आवाजात बोलले. इतिवृत्त मी लिहीत होतो. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे घेतले आणि त्याखाली त्यांची सही घेतली. त्यांनी वाचून, न कचरता केली :

"सर, एरवी वर कोण जातं? त्या दिवशी गुरुजी होते, तात्यासाहेब होते, घरच्या बायका होत्या. कोणाला काही लागलं असतं म्हणजे?"